दप्तर दाखवा

१२ ऑक्टोबर २००५ला दसरा होता. त्याच दिवशी माहितीचा अधिकार कायदा देशात लागू झाला. मुहूर्त कोणी काढला नव्हता. १५ जूनला राष्ट्रपतींची सही झाली होती आणि कायदा एकशेविसाव्या दिवशी पूर्णपणे अमलात येईल, असं कायद्यातच लिहिलं होतं. दिवस मोजत गेलं तर तो नेमका विजयादशमीला आला. सरकारी कचेऱ्या बंद, गावभर आपट्याची पानं वाटणं चाललेलं, आणि पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात शाहीद रझा बर्नी या पत्रकारांनी नव्या कायद्याखालचा अर्ज दिला. या कायद्याखाली देशात दाखल झालेला पहिला अर्ज म्हणून त्याची नोंद आहे.

सणासुदीला उघडं असणारं सरकारी दार पोलीस ठाण्याचंच. दसऱ्याला तिथे शस्त्रपूजन असतं. बंदुका नि काठ्या मांडून त्यांना झेंडूची फुलं वाहतात. अशा दिवशी एक माणूस कागद घेऊन येतो आणि म्हणतो, तुमच्याकडची माहिती द्या. माणसांकडे कागद पोलिसांनी मागायचे, ही आपल्याकडची रीत. ती उलटी फिरवणारा पहिला अर्ज पुण्यात पडला याचं मला फारसं नवल वाटत नाही. या गावाला हिशेब मागायची खोड जुनी आहे. कारभाऱ्यांची हिशेब न देण्याची खोड अर्थात तिच्याहून जुनी.

ही गोष्ट कसब्यापासून सांगावी लागते, कारण पुणंच तिथून सुरू होतं. आज कसबा पेठ म्हटलं की कसबा गणपती, लाल महाल, तांबट आळी, कुंभारवाडा, फडके हौद आठवतात, आणि हल्ली भुयारी मेट्रोचं स्टेशनही. बाकीच्या पेठा वसण्याआधी पुणं म्हणजे एवढाच कसबा होता. पाटीलकी झांबरे घराण्याकडे. वतनाचा किंवा जमिनीचा तंटा निघाला की गोत, म्हणजे गावसभा, बसायचं, साक्षी व्हायच्या आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जायचा. त्याखाली हजर असलेल्यांच्या निशाण्या पडत, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशा. निवाडा ज्याच्या बाजूने लागला त्याच्या हाती तो कागद येई आणि पिढ्यान् पिढ्या घरात राही. त्या व्यवस्थेचे दोष पुष्कळ होते. पण निर्णय कुणासमोर झाला, कशाच्या आधारावर झाला आणि कोण कोण हजर होतं, हे त्या एका कागदात वाचता येत असे.

पेशवाईत पेठा वाढल्या आणि शहराला कोतवाल आला. रात्रीची गस्त, चोरांचा तपास, वजनं-मापं, बाजारभाव, शिरगणती, जागांची खरेदी-विक्री हे सगळं कोतवालीत यायचं. म्हणजे आजचं फरासखाना पोलीस ठाणं आणि नदीपलीकडची महापालिका ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या हाती. योगायोग असा की बुधवार पेठेतली कोतवाल चावडी आणि फरासखाना हे शेजारी-शेजारीच आहेत. तंबू-कनाती ठेवायच्या पेशव्यांच्या कोठाराचं नाव पोलीस ठाण्याला चिकटलं आणि आजही कसब्यातला माणूस तक्रार घेऊन तिथेच जातो.

कोतवालाकडे हिशेब मागायची सोय नसली की काय होतं, हे पुण्याने १७९१ साली पाहिलं. घाशीराम सावळादास १७७७पासून कोतवाल होता. त्याच्याविरुद्ध कुरबुरी वर्षानुवर्षं चालू होत्या. नाना फडणिसांपर्यंत त्या पोचत होत्या की वाटेतच जिरत होत्या, हा वेगळा वाद. ऑगस्टच्या अखेरीस त्याच्या माणसांनी तेलंगी ब्राह्मणांना पकडून कोंडून ठेवलं आणि वीसेक माणसं गुदमरून मेली. मग मात्र लोक थांबले नाहीत. सरकारला घाशीराम त्यांच्या स्वाधीन करावा लागला आणि ३१ ऑगस्टला तो दगडांनी ठेचून मारला गेला. या प्रसंगावर पुढे नाटक झालं, त्यावरून भांडणं झाली. मला त्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: चौदा वर्षं विचारायला जागा नव्हती, म्हणून शेवटी दगडांनी विचारलं गेलं.

त्या कोतवालीचे कागद पुढे पेशवे दप्तरात गेले आणि दप्तर इंग्रजांच्या ताब्यात. सुमारे ३५ हजार रुमाल. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. इंग्रजांनी ते वाचलं नाही असं नव्हे. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं तेव्हा हेच रुमाल सोडून, कुणाच्या इनामाला सनद आहे नि कुणाच्या नाही हे तपासलं गेलं आणि कित्येकांची इनामं खालसा झाली. सरकारला प्रजेविरुद्ध कागद हवा असला की रुमाल सुटत होता. प्रजेला हवा असला की गाठ पक्की. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांसारख्या माणसाला मराठ्यांच्या इतिहासाची साधनं जमवायला गावोगाव, वाड्यावाड्यांच्या माळ्यांवर हिंडावं लागलं. पुण्यातल्या पुण्यात हजारो रुमाल पडून असताना! रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखाली त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले ते १९३०नंतर, म्हणजे पेशवाई बुडून शंभरावर वर्षं झाल्यावर.

पुणेकर मधल्या काळात हातावर हात ठेवून बसले नाहीत. सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली, त्यामागचं निमित्त पाहण्यासारखं आहे. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल लोकांत नाराजी होती, पंच कारभार नीट करत नाहीत अशी तक्रार होती. देवस्थानचा जाब विचारायला जमलेल्या लोकांच्या लक्षात आलं की असाच जाब सरकारलाही विचारता येईल. पण विचारणारे तुम्ही कोण, असं सरकार म्हणणार. त्यावर गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांचा तोडगा अस्सल वकिली होता. सभासद व्हायचं तर निदान ५० माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. सुरुवातीला ९५ सभासद जमले, सुमारे ६ हजार लोकांच्या वतीने. १८७६-७७च्या दुष्काळात सरकारी अहवालांवर विसंबून न राहता सभेने आपली माणसं तालुक्यांत पाठवली आणि तिथली स्थिती लिहून आणवली. सरकारकडून माहिती मिळत नसेल तर आपण गोळा करू, ही चाल तिथून आली.

जोतीराव फुले याच सुमारास पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८०मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोधात मत दिलं. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. शहरात दारूची दुकानं वाढत चालली होती. त्याबद्दलही त्यांनी त्याच वर्षी नगरपालिकेला लेखी विचारणा केली. लोकांच्या आरोग्यासाठी एकीकडे नगरपालिका खर्च करते आणि दुसरीकडे आरोग्याची वाट लावणारी दुकानं वाढतात, हे कसं, असा त्या पत्राचा रोख होता. आजच्या भाषेत हा माहिती अधिकाराचा अर्जच म्हणायचा. फरक इतकाच की ते स्वतः सभासद होते, म्हणून त्यांना विचारता आलं. गंज पेठेतल्या किंवा कसब्यातल्या दुसऱ्या कुणाला ते शक्य नव्हतं.

१९२३ साली शासकीय गुपितं कायदा आला. स्वातंत्र्यानंतर गोरे साहेब गेले, कायदा राहिला, आणि कचेऱ्यांत एक सवय मुरली की विचारलं तर आधी ‘नाही’ म्हणायचं. १५ फेब्रुवारी १९५० रोजी पुण्याची महापालिका झाली, १९६५मध्ये पोलीस आयुक्तालय झालं. दप्तरं वाढत गेली, दारं तशीच राहिली. १९७५मध्ये राजनारायण खटल्यात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी जनतेला सार्वजनिक कारभार जाणून घ्यायचा अधिकार आहे असं स्पष्ट म्हटलं. पण न्यायालयाने म्हटलं म्हणून खिडकीवरचा कारकून फाइल काढून देतो, असा पुण्याचा अनुभव नाही. दुसऱ्या कुठल्या शहराचा असेल तर त्यांचं अभिनंदन.

माहिती अधिकार कायद्याचं श्रेय देताना आपण लगेच दिल्लीकडे बघतो. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४पासून जनसुनवाया घेतल्या, हजेरीपटावरची खोटी नावं गावासमोर वाचून दाखवली, १९९६मध्ये ब्यावरला धरणं धरलं. ते श्रेय कोणी नाकारू नये. पण केंद्राच्या कायद्याआधी महाराष्ट्राचा कायदा होता, हे महाराष्ट्रातच विसरलं जातं. पहिला २००० सालचा, अगदीच लेचापेचा. तो रद्द करून २३ सप्टेंबर २००२ला वटहुकूम निघाला आणि मग विधेयक झालं. राष्ट्रपतींच्या सहीसाठी ते रेंगाळलं. अण्णा हजारे ९ ऑगस्ट २००३ रोजी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसले आणि दुसऱ्या दिवशी सही झाल्याचं कळलं. कायदा मात्र वटहुकमाच्या तारखेपासूनच लागू धरला गेला. कामकाजाच्या १५ दिवसांत उत्तर द्यायचं, उशिराला दिवसाला २५० रुपये दंड, आणि दुसरं अपील लोकायुक्तांकडे. या कायद्याचा पहिला मोठा दणका पोलिसांनाच बसला. मुंबईत शैलेश गांधी यांनी, पोलिसांच्या बदल्यांसाठी कोणकोणत्या राजकारण्यांनी शिफारशी केल्या, एवढंच विचारलं होतं. ते पुढे केंद्रीय माहिती आयुक्त झाले. पण त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी त्यांना बरीच पायपीट करावी लागली.

पुण्यात या सगळ्याला एक वेगळंच रूप आलं. मोर्चे-घोषणा कमी आणि अभ्यासवर्ग जास्त. ‘इंडियन एक्स्प्रेस’च्या पुणे आवृत्तीचे संपादक प्रकाश कर्दळे यांनी ‘हम जानेंगे’ या नावाने माणसं जोडली, अर्ज कसा लिहायचा हे वर्तमानपत्रातून शिकवलं. २००७मध्ये ते गेले. बाणेर रस्त्यावरच्या यशदा या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत प्रल्हाद कचरे अधिकाऱ्यांना हाच कायदा शिकवत होते. तिथे आयुष्यभर ‘नाही’ म्हणायला शिकलेले लोक ‘हो’ कसं म्हणायचं ते शिकायला येत. सजग नागरिक मंचाचे विवेक वेलणकर लोकांना अर्ज भरायला मदत करत, विजय कुंभार कायद्याची कलमं फोडून सांगत. राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ पुण्यात आलं तेव्हा तिथे आयुक्त म्हणून विजय कुवळेकर बसले, ‘सकाळ’चे माजी संपादक. अर्जदार, अधिकारी, शिकवणारे, निवाडा देणारे, सगळे एकाच गावचे.

आता फाइल म्हणजे काय ते जरा जवळून पाहू, कारण पुढची लढाई फायलीच्या पोटातल्या एका भागासाठी झाली. सरकारी फायलीला दोन अंगं. एका अंगाला पत्रव्यवहार: आलेले अर्ज, गेलेली पत्रं, नकाशे, अहवाल. दुसऱ्या अंगाला टिपणी. तिथे लिपिक लिहितो, ‘मान्यतेस्तव सविनय सादर’. त्याखाली कनिष्ठ अभियंता, मग उपअभियंता, कार्यकारी अभियंता, शहर अभियंता, अतिरिक्त आयुक्त, आयुक्त. प्रत्येकाची सही आणि तारीख. एखादा कनिष्ठ अभियंता लिहून ठेवतो की नियमानुसार हे देता येत नाही. दोन सह्यांनंतर कोणी तरी ‘विशेष बाब म्हणून’ असे तीन शब्द घालतं आणि फाइल पुढे जाते. पत्रव्यवहार वाचून काय झालं ते कळतं. कोणी केलं, कधी केलं आणि कोण नको म्हणत होतं, हे टिपणी वाचल्याशिवाय कळत नाही.

जुलै २००६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने टिपण्या कायद्याबाहेर काढायच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. कायद्याला अजून वर्षही झालं नव्हतं. ऑगस्टमध्ये अण्णा पुन्हा उपोषणाला बसले, या वेळी मुंबई-दिल्लीत नव्हे, तर पुण्याच्या उशाला, आळंदीत. दुरुस्ती बारगळली. पुण्याहून आळंदीची वाट सगळ्यांच्या पायाखालची. त्या दिवसांत ती माहिती अधिकारवाल्यांनी झिजवली. माझ्या मते कायद्याच्या इतिहासात २००५च्या दसऱ्याइतकीच आळंदीचीही नोंद मोठ्या अक्षरात हवी. टिपण्या गेल्या असत्या तर उरलं असतं ते रिकामं पाकीट.

पुण्याने मात्र आणखी एक पाऊल टाकलं आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिलंय की सरकारी कार्यालयांनी पुष्कळशी माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता आपणहून खुली करावी. हे कलम बहुतेक ठिकाणी संकेतस्थळावर जुना तक्ता चिकटवून निकालात काढलं जातं. २००९मध्ये महेश झगडे पुण्याचे महापालिका आयुक्त असताना एक साधी सोय झाली: दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कोणत्याही नागरिकाने यावं, हवी ती फाइल बसून पाहावी. अर्ज नको, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप नको, तीस दिवसांची वाट नको. फाइल चाळायची, हवं ते पान सांगायचं, प्रतीचे पैसे भरायचे. वेलणकरांसारखे लोक सोमवारी तिथे जाऊन बसायला लागले. रस्त्याची कंत्राटं, पाण्याच्या निविदा, पार्किंगचे करार फायलीतून थेट वर्तमानपत्रात दिसायला लागले. २६ नोव्हेंबर २०१८ला राज्य सरकारने हीच सोमवारची सोय जिल्ह्याच्या पातळीवरच्या नि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत करायचा आदेश काढला. दप्तराची गाठ सोडायचा हक्क लोकांच्या हाती आला तो या दोन तासांत. त्यासाठी ना नवा कायदा लागला, ना निधी. एका आयुक्ताची तयारी आणि चार माणसांची चिकाटी पुरली. तयारी असणारा अधिकारी बदलून गेला की चिकाटीवर भागवावं लागतं, हेही याच शहराने पाहिलं.

कसब्यातल्या माणसाला या कायद्याची गरज कशासाठी पडते? मोठे घोटाळे उघड करायला क्वचितच. त्याची गरज वाड्यापासून सुरू होते. इथले बरेचसे वाडे पडायला झालेले. मालक एक, भाडेकरू दहा, वारस वीस. त्यात शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत बांधकामाला २०१०च्या दुरुस्तीने मनाई, म्हणजे दुरुस्ती करायची तरी केंद्राच्या प्राधिकरणाकडे परवानगी मागत फिरायचं. पावसाळा जवळ आला की महापालिकेची नोटीस येते, वाडा धोकादायक आहे, कलम २६४. आता वाडा खरोखर धोकादायक आहे, की कोणाला तो धोकादायक ठरायला हवा आहे? भाडेकरूला हे भांडून कळत नाही. कागद मागून कळतं: स्थळपाहणीचा अहवाल, पाहणी करणाऱ्याचं नाव नि तारीख, संरचनेच्या तपासणीची प्रत, आणि पाहणी करावी म्हणून मुळात अर्ज कोणी दिला होता. बांधकाम विभागातून मंजूर नकाशा, नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका. एवढे कागद हाती आले की वकीलही माणसाशी वेगळ्या सुरात बोलतो.

मग गणपती. मानाचा पहिला गणपती ज्या पेठेत, तिथे मांडवाने रस्ता किती अडवावा, रात्री दहानंतर भिंती कुणाच्या परवानगीने थरथरतात, हे प्रश्न दर वर्षीचे. मांडवाची परवानगी महापालिकेची, ध्वनिवर्धकाची पोलिसांची. विचारणारा बहुधा कुठल्यातरी मंडळाचा जुना कार्यकर्ताच असतो, त्यामुळे अर्ज शेजारच्या मंडळाबद्दल असतो. तेही चालायचंच.

पोलिसांकडे अर्ज टाकणं मात्र अजून धीराचं काम आहे. महापालिकेत फार तर हेलपाटे पडतात. चौकीत अर्ज दिला की ‘काय प्रॉब्लेम आहे तुमचा?’ इथून सुरुवात होते. नकाराचं ठरलेलं कारण म्हणजे कलम ८(१)(ज): तपासात अडथळा येईल. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७मध्येच सांगितलंय की तपास चालू आहे एवढं म्हणून भागणार नाही, माहिती दिल्याने त्यात अडथळा कसा येईल ते दाखवावं लागेल. तरी छापील उत्तर तेच येतं. अनुभवी लोक म्हणून ‘माझ्या तक्रारीचं काय झालं’ असं विचारत नाहीत. तक्रार अर्जावर पडलेला आवक क्रमांक लिहितात आणि आवक नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत मागतात, अर्ज कोणत्या तारखेला कोणाकडे दिला त्या नोंदीची प्रत मागतात. केस डायरी मिळत नाही; ती मागण्यात अर्थ नाही. गुन्ह्याची प्रथम खबर २०१६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, नाजूक प्रकरणं वगळता, चोवीस तासांत संकेतस्थळावर यायला हवी. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, म्हणजे घरातला माणूस उचलून नेलाय नि कुठे ठेवलाय ते कळत नाही, तर उत्तराची मुदत तीस दिवस नव्हे, ४८ तास. हे कलम सातमध्ये आहे आणि ते फारच थोड्यांना ठाऊक असतं.

या अधिकाराची किंमतही याच जिल्ह्याने मोजली. पुण्यापासून जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटरवर तळेगाव दाभाडे. तिथले सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांचे कागद मागत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेलेले असताना त्यांचा खून झाला. तपास पोलिसांकडून केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, वर्षं गेली. खून कुणी करवला, ते न्यायालयात सिद्ध झालेलं नाही.

दुसऱ्या टोकाला या कायद्याला बदनाम करणारी जमात आहे आणि तिच्याबद्दल गप्प बसण्यात शहाणपण नाही. बांधकामाची फाइल काढायची, बिल्डरला दाखवायची, ‘मिटवून’ टाकायची, असा धंदा करणारे प्रत्येक पेठेत एखाददोन सापडतात. ‘आरटीआयवाला’ हा शब्द कचेऱ्यांत शिवीसारखा वापरला जातो तो त्यांच्यामुळे. २०१२मध्ये राज्य सरकारने नियम बदलून एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा घातली, तेव्हा हेच कारण पुढे केलं गेलं. माझं मत विचाराल तर या धंद्यावरचा उपाय शब्द मोजण्यात नाही, सोमवारच्या दोन तासांत आहे. फाइल सगळ्यांना उघडी असेल तर एकट्याने ती पाहिल्याची किंमत कोण देईल?

अडसर आता वेगळ्या बाजूंनी येतायत. राज्य माहिती आयोगाकडे लाखावर अपिलं नि तक्रारी तुंबल्याची आकडेवारी अलीकडच्या वर्षांत आली; दुसरं अपील केलेल्याला सुनावणीची तारीख मिळेपर्यंत वाडा पडून तिथे इमारत उभी राहिलेली असते. खासगी माहितीच्या संरक्षणासाठी २०२३मध्ये झालेल्या कायद्याने माहिती अधिकाराच्या ८(१)(ञ) या कलमाला हात घातला आणि नोव्हेंबर २०२५मध्ये तो बदल लागू झाला. आधी खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे पाहावं लागे. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं तिथे लिहिलेलं होतं. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढे शब्द पुरतात. व्यापक जनहिताची वाट कलम ८(२) मध्ये अजून उघडी आहे, पण ती अर्जदाराने शोधून दाखवायची. टिपणीवरच्या सहीखालचं नाव ही वैयक्तिक माहिती आहे, असं उद्या एखादा माहिती अधिकारी लिहून देईल, तेव्हा आळंदीला कोण बसणार, ते मला माहीत नाही.

तोवर कसब्यातल्या, किंवा कुठल्याही पेठेतल्या वाचकाला इतकंच सांगतो. ‘जोडपत्र अ’ वर अर्ज लिहा, विषय एकच ठेवा, ‘का’ विचारू नका, कागदाचं नाव घेऊन प्रत मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा, वीस रुपयांचा स्टँप. तिथेही काही झालं नाही तर नव्वद दिवसांत आयोगाकडे. माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये दंड होऊ शकतो, जास्तीत जास्त २५ हजार. दिवसाचा हा २५० रुपयांचा दर महाराष्ट्राच्या २००२च्या कायद्यात होता, २००५च्या कायद्यात तोच आला आणि आजही तेवढाच आहे.